वरच्या खोलीतला बहुरूपी

मंगळवार, ९ सप्टेंबर

ह… ह… हट! आणि मग साखळीची कुरकुर.

चाळीस वर्षांपूर्वीचा हा आवाज आज दुपारी अचानक आठवला. मागच्या अंगणातल्या मेपलला साखळीनं टांगलेला टायर, त्यातून आरपार जाणारा चेंडू आणि त्याआधीची लायलची अडखळती हाक. सरोवरावरून वारा येत असला की ती हाक शेजारच्या पोलासेकबाईंच्या कुंपणापलीकडेही ऐकू जायची. माझा लायल. शाळेच्या अमेरिकन फुटबॉल संघाचा क्वार्टरबॅक, म्हणजे हाक देऊन चाल सुरू करणारा आणि चेंडू फेकणारा.

आठवण आली ती साखळी पुन्हा वाजली म्हणून. नवा भाडेकरू अंगणात उभा राहून टायरला बोटानं झोके देत होता. एमेट क्वार्ल्स. वय चोवीस, उंच, चेहरा असा की पाठ फिरवली की विसरावा. आमच्या पोर्ट हॅलमच्या व्यावसायिक संघाचा राखीव क्वार्टरबॅक. म्हणजे डोक्यावर टोपी घालून मैदानाच्या कडेला उभं राहायचं, वॉल्ट केसलर पडायची वाट पाहायची आणि तो पडू नये म्हणून प्रार्थनाही करायची. केसलर अडतीस वर्षांचा आहे. या गावात देवाखालोखाल त्याचा मान. हिवाळ्यात कधीकधी देवाच्याही आधी.

"एखादं बरं घर का घेत नाहीस? पगार तर चांगला असेल," मी विचारलं.

"सर, राखीव माणसाला कुठल्याही मंगळवारी 'उचल बॅग' म्हणतात. मी अजून ताटंसुद्धा विकत घेतलेली नाहीत."

खोली त्यानं नीट पाहिलीही नाही. टायर पाहिला आणि हो म्हणाला. वर लायलचीच खोली. पडदे माझ्या बायकोनं, मॅव्हिसनं शिवलेले. ती जाऊनही आता बरीच वर्षं झाली, पण पडद्यांचा निळा रंग टिकून आहे.

गुरुवार, १८ सप्टेंबर

आज नाश्त्याला एमेट डाव्या हातानं जेवला.

परवापर्यंत उजव्या हातानं जेवत होता. मी काही बोललो नाही. मुलांच्या सवयींवरून टोकायचं नाही हे चाळीस वर्षं शाळेत काढल्यावर कळतं. पण त्यानं कॉफीचा कपही डावीकडे सरकवला, आणि हसला तेव्हा ओठाची एकच बाजू वर गेली. हे हसू त्याचं नव्हतं.

त्यानंच उलगडा केला. रविवारी ज्या संघाशी सामना असतो, त्या संघाच्या क्वार्टरबॅकचं सोंग आठवडाभर राखीव माणसानं घ्यायचं, म्हणजे आपल्या संरक्षकांना सरावात तोच माणूस समोर दिसतो. त्याच्यासारखं चालायचं, त्याच्यासारखं ओरडायचं, चेंडू फेकण्याआधी तो जिकडे बघतो तिकडेच बघायचं. या रविवारचा प्रतिस्पर्धी डावखुरा आहे.

"पण माझ्या स्वयंपाकघरात कोण संरक्षक बसलेत?"

"अर्धंमुर्धं सोंग येत नाही सर मला. घेतलं की अंगात भरतं."

दुपारी पोलासेकबाई कुंपणावर कोपरं टेकून उभ्या होत्या. "काय मास्तर, किती जणांना ठेवलंय वर? गेल्या आठवड्यात एक फेंगडा चालत होता, आज हा दुसराच. भाडं प्रत्येकाकडून वेगळं घेता की काय?"

"एकच आहे हो."

"मग डोळे तपासून घ्या. माझे नव्हे, तुमचे."

बुधवार, १५ ऑक्टोबर

या आठवड्यात संघाला सुट्टी. सामना नाही, म्हणजे प्रतिस्पर्धी नाही.

वरून पावलं ऐकू येत नाहीत. दर आठवड्याची पावलं मला आता ओळखू येऊ लागली होती. जड टाचांचा, चवड्यांवर नाचणारा, एक पाय ओढणारा. या आठवड्यात कोणीच नाही. सकाळी मला वाटलं पोरगं बाहेर गेलंय, म्हणून खोलीत टॉवेल ठेवायला गेलो, तर ते पलंगाच्या कडेला बसलेलं. हात मांडीवर. भिंतीकडे तोंड.

"बरं वाटत नाही का रे?"

मग सपाट आवाजात, "या आठवड्यात कोणी नाही, सर."

त्याला खाली आणलं, ओटमील दिलं. वाफ निघून जाईपर्यंत तो वाडग्याकडे बघत राहिला. चमचा कुठल्या हातात धरायचा याची वाट पाहत होता, असं मला वाटून गेलं. माणूस असा रिकामा दिसला की मला कविता सुचते. शाळेच्या पुस्तकातली ती नावेची कविता मी म्हणायला लागलो. आमच्या गावात माझ्या हाताखालून गेलेलं एकही मूल असं नाही ज्याला ती पाठ नाही:

पलीकडच्या काठी दिवा, अलीकडच्या काठी मी,
मध्ये काळे पाणी बोले, 'ये रे, ये रे, लवकरी.'

एमेटनं मान वर केली. "या खोलीत आधी कोण होतं?"

मग काय, मी कपाटातून लायलच्या सामन्यांची टेप काढली. शनिवारी दुपारी कठड्याला टेकून मीच त्यांचं चित्रण करायचो. टेप जुनी झालीय, चित्रावर बर्फासारखे पांढरे ठिपके पडतात. त्या बर्फात माझा सतरा वर्षांचा मुलगा वाकतो, डाव्या मनगटानं तोंड पुसतो आणि हाक देतो. ह… ह… आणि समोरची चार धिप्पाड पोरं चेंडू हलायच्या आत पुढे कोसळतात. शिट्टी वाजते. चेंडू हलायच्या आधी पुढे सरकलं की पाच यार्डांचा दंड. सगळ्या जिल्ह्यात लायलची ती हाक कुणाला ओळखता आली नाही. ती नेमकी कुठे अडकेल आणि कुठे सुटेल, हे त्याचं त्यालाही ठाऊक नसायचं.

एमेटनं ती टेप पुन्हा पाहिली. मग पुन्हा. मी झोपायला गेलो तेव्हा तो खुर्ची पुढे ओढून पडद्याच्या अगदी जवळ बसला होता.

रविवार, ९ नोव्हेंबर

आपण जिंकलो. केसलर स्वतः एमेटला त्याच्या ट्रकमधून सोडायला आला! मी अंगावरचं जुनं जाकीट काढून कपाटातलं चांगलं घातलं. ॲपल पाय होता, तो गरम केला. केसलर गुडघा दोन्ही हातांनी उचलून खुर्चीखाली ठेवतो, जसं काही ते दुसऱ्याचं सामान आहे.

एमेट आंघोळीला गेला तेव्हा तो हळू आवाजात म्हणाला, "मास्तर, हे पोरगं माझं शेवटचं वर्ष बघतंय. जानेवारीत संघाचे साहेब लोक ठरवणार, माझ्या जागी हा की कॉलेजातून एखादं नवं खोंड. हात सोन्याचा आहे याचा. पण…"

"पण काय?"

"परवा सरावात मी कडेला बसलो होतो. समोर मीच खेळत होतो. माझी पाठ, माझी मान, चेंडू सोडताना माझं ते कण्हणं. क्षणभर वाटलं, वॉल्ट, तू मेलास आणि तुला कुणी कळवलं नाही." तो हसला, मग ॲपल पायचा शेवटचा तुकडा बोटानं चेपत राहिला. "साहेब मला विचारतात, हा सगळ्यांसारखा खेळतो, पण याच्यासारखा कोण खेळतो? मी काय सांगू?"

जाताना त्यानं एमेटच्या पाठीवर थाप मारली. एमेटनंही त्याच्या पाठीवर मारली. तीच थाप, तितकीच जड. केसलर पटकन बाहेर पडला.

सोमवार, ८ डिसेंबर

काल वाईट झालं. उत्तरार्धाच्या सुरुवातीला केसलरचा गुडघा गेला. गाडीवर घालून नेलं. सगळं मैदान उभं राहिलं, आणि मग एमेट आत गेला.

टीव्हीवर मी जे पाहिलं ते लिहायलाही चमत्कारिक वाटतं. केसलरच पुन्हा आत आला. तीच हाक, तेच कण्हणं. आणि एमेट लंगडत होता. उजव्याच पायानं, जो पाय त्याचा ठणठणीत आहे. लंगडत असल्यामुळे तो पळू शकला नाही, दोनदा चेंडू हिसकावून घेतला गेला, आपण हरलो.

आज तो स्वयंपाकघरात बसला होता. प्रशिक्षकांनी त्याला खोलीत बोलावून सांगितलं, "मला दुसरा केसलर नको. एक म्हातारा झालेला आहे तेवढा पुरे. रविवारी तू ये. तू स्वतः. तो खरा तू बरा निघालास तर जागा तुझी. नाहीतर सरळ सांगतो, बाळा, जानेवारीत बॅग भर."

"मग सोपंच झालं की," मी म्हणालो.

"सर, मी आईला फोन केला. विचारलं, लहानपणी मी कसा होतो गं? ती म्हणाली, तू ना, टीव्हीवरच्या सगळ्यांच्या हुबेहूब नकला करायचास." तो माझ्याकडे बघत राहिला. "मी विचारलं, आणि टीव्ही बंद असला की? ती म्हणाली, बंद कधी असायचा?"

सगळी सोंगं आणता येतात, असं आमच्यात म्हणतात. स्वतःचं कसं आणायचं, ते कुणी सांगितलेलं नाही.

थोड्या वेळानं तो म्हणाला, "ती टेप लावता का पुन्हा? लायलला या जिल्ह्याबाहेर कुणीच पाहिलेलं नाही ना?"

मला इतका आनंद झाला की टेप आधी उलटीच घातली.

गुरुवार, ११ डिसेंबर

टेपवरून हाक येईना. शब्द येत होते, अडखळणं खोटं वाटत होतं. तेव्हा मी त्याला मूळ ठिकाणी नेलं. स्वयंपाकघरातच.

लायलची जीभ लहानपणापासून अडकायची. मी ती खोड कवितेनं मोडत होतो. रोज जेवणाआधी खिडकीपाशी उभं राहायचं, हात मागे बांधायचे आणि नावेची कविता म्हणायची. अडकला की मी टेबलावर पट्टी वाजवायचो. मारायला नव्हे, मी मुलावर कधी हात उगारला नाही. नुसता ताल. मग पुन्हा पहिल्या ओळीपासून. मॅव्हिस म्हणायची, "अहो, पोराला खाऊ द्या." जेवण गार व्हायचं खरं, पण कवितेची ऊब काय कमी होती? त्या संध्याकाळी आठवल्या की अजून मी त्या खिडकीपाशी जाऊन उभा राहतो.

एमेट खिडकीपाशी उभा राहिला. हात मागे. दोन दिवस म्हणतोय. आज 'ये रे'वर त्याचा श्वास खरोखर अडकला. मी सवयीनं पट्टी वाजवली.

तो दचकला. डावा खांदा कानापर्यंत गेला, डोळे मिटले.

लायल अगदी असाच दचकायचा. पण ते टेपवर नाही. मी ते एमेटला कधी सांगितलेलंही नाही.

"कुठून आणलंस हे?"

"काय, सर?"

त्याला ठाऊकच नव्हतं. मी म्हणालो, पुन्हा पहिल्या ओळीपासून. बाहेर वारा नव्हता, तरी साखळी वाजत होती.

रविवार, १४ डिसेंबर

जिंकलो! ह… ह… आणि समोरचे दांडगे एकामागून एक पुढे कोसळत होते, दंडामागून दंड. सामना सांगणारा हसून हसून बेजार. "ही हाक यानं आणली कुठून? मी वीस वर्षांत अशी ऐकली नाही!" एमेट डाव्या मनगटानं तोंड पुसत होता. संपूर्ण देशाला दिसलं. मी खुर्चीतून उठून पडद्याला हात लावला.

घरी आला तेव्हा मी विचारलं, "कसं वाटतंय?"

"आता बरं वाटतंय. आत कोणीतरी आहे."

शुक्रवार, १९ डिसेंबर

घर पुन्हा घरासारखं वाटतं. तो दार टाचेनं ढकलून लावतो. जिन्याची करकरणारी पायरी गाळून उतरतो. ती कोणती हे शोधायला मला स्वतःला वर्षं लागली होती. आज सकाळी मी पाव भाजत होतो तर जिन्यातून आवाज आला, "बाबा, टा-टायरची साखळी झिजलीय."

एमेटच होता. त्याला आपण काय म्हणालो ते कळलं नसावं. मी दुरुस्त केलं नाही. "बघतो हं," म्हणालो.

फक्त एकच खटकतं. तो माझ्याबरोबर जेवायला बसत नाही आता. ताट घेऊन वर जातो आणि दार लावतो. सुरुवातीला किती गप्पा मारायचा.

सोमवार, २२ डिसेंबर

कालचाही सामना जिंकला. साहेब लोकांनी जानेवारीची वाटच पाहिली नाही. जागा एमेटची. केसलरनं रुग्णालयातून फोन केला. "मास्तर, हा खेळतोय तो कोण आहे? मी सगळ्यांना ओळखतो. याला नाही ओळखत."

"तोच आहे हो. स्वतः."

पलीकडून केसलर म्हणाला, "त्याला विचारा, माझ्याशी बोलेल का." मी हाक मारली. एमेट वरून उतरला नाही.

दुपारी पोलासेकबाई पिएरोगींचं, म्हणजे सारण भरून उकडलेल्या करंज्यांचं, भांडं घेऊन आल्या. टीव्हीवर एमेटची मुलाखत चालू होती. वार्ताहर विचारतायत आणि तो मध्येच अडकतोय. ओठ हलतायत, शब्द नाही, गळ्याची शीर ताणलेली. बाई भांडं हातात धरून उभ्याच.

"हे पोर तुमच्याकडे आलं तेव्हा तोतरं नव्हतं, मास्तर."

"ती त्याची हाक आहे. त्यावरच तर सामने जिंकतोय."

"हाक मैदानात मारतात. हा नाव सांगताना अडकतोय, स्वतःचं." त्यांनी भांडं टेबलावर ठेवलं, तिथं पडलेल्या पट्टीकडे पाहिलं. "माझं स्वयंपाकघर तुमच्या खिडकीसमोर आहे. तेव्हाही होतं. मी तेव्हा बोलायला हवं होतं." आणि तरातरा गेल्या. इतक्या वर्षांची शेजारीण. काय बिनसलं कळेना. भांडंही न्यायच्या राहिल्या.

शनिवार, २७ डिसेंबर

लायल गेला त्या दिवसाबद्दल इथे कधी लिहिलं नाही. शाळेत पाठांतराचा वार्षिक समारंभ झाला होता. सगळ्या गावासमोर तो 'ये रे'वर थांबला आणि मी पहिल्या रांगेतून, त्याला आधार म्हणून, बाकावर ताल दिला. घरी आलो तर तो याच स्वयंपाकघरात बॅग घेऊन उभा. म्हणाला, "बाबा, मी तु-तु…" मी म्हणालो, "पूर्ण वाक्य म्हण, बाळा. घाई नाही." खरंच प्रेमानं म्हणालो. त्यानं वाक्य तिथेच टाकलं आणि दार टाचेनं लावून गेला. नंतर पत्ता नाही, फोन नाही. त्या वाक्याचं पुढं काय होतं, हे कोडं मी म्हातारपणापर्यंत वाहत आणलंय.

आज जेवणाआधी मी एमेटला उभं केलं. उद्याचा सामना मोठा. पहिल्या ओळीतच थांबला. पट्टी वाजवली. पुन्हा थांबला. पुन्हा वाजवली. चेहरा पांढरा पडला होता आणि तो चेहरा… मी चष्मा पुसला, तरी तोच. मग तो वर गेला आणि बॅग घेऊन खाली आला. येताना आणलेली, तीन महिन्यांत न उघडलेली त्याची बॅग.

"बाबा, मी तु-तु…"

माझ्या अंगावर काटा आला. भीतीनं नव्हे. वाटलं, आता कळेल. इतक्या वर्षांनी आता पुढचं कळेल. मी टेबलाला धरून वाकलो. "म्हण. पूर्ण वाक्य म्हण. घाई नाही."

ओठ हलत राहिले. शीर ताणली गेली. त्याला ते माहीत नव्हतं. जे माझ्यापाशी नाही ते त्याला तरी कुठून मिळणार? तो तसाच उभा, जाताही येईना, बोलताही येईना, दिव्याखाली, बॅग हातात. किती वेळ ते मला सांगता येणार नाही. भांड्यातल्या उरलेल्या पिएरोगी गार होऊन एकमेकींना चिकटल्या.

तेवढ्यात दारावर थाप पडली.

पोलासेकबाई भांडं न्यायला आल्या असणार, असं वाटून मी भांडं रिकामं करून हातात घेतलं आणि दार उघडलं.

बाईच होत्या, पण पायरीखाली, हाताची घडी घालून. पायरीवर दुसराच माणूस होता. पन्नाशी ओलांडलेला, दाढी पिकलेली, कामगारांचं जाड जाकीट, खांद्यावर बर्फ. रस्त्यावर परराज्याच्या पाटीची गाडी घरघरत होती. त्यानं डाव्या मनगटानं तोंड पुसलं.

भांडं माझ्या हातातून पडलं.

तो माझ्याकडे बघतच नव्हता. माझ्या खांद्यावरून आत, दिव्याखाली उभ्या पोराकडे बघत होता. जसा आरशात एखादा जुना व्रण बघावा तसा.

"रविवारी टीव्हीवर पाहिलं," तो म्हणाला. कुठेही न अडकता, संथपणे. "बॅग घेतलीस का बाळा? चल. गाडी चालू आहे."

मग त्यानं माझ्याकडे पाहिलं.

"बाबा, मी तुमच्यासाठी आलेलो नाही."